मधमाशीचा परमानंद

सॅन होझेला घर घेतलं तेव्हा घरासोबत चारशे चौरस फूट हिरवळ फुकट मिळाली. फुकट हा दलालाचा शब्द. पहिल्या उन्हाळ्यात पाण्याचं बिल आलं आणि कळलं, की आपण दारात लॉन नव्हे, म्हैस बांधली आहे. तिला रोज पाणी दाखवायचं, वेळेवर खाणं घालायचं, दर पंधरा दिवसांनी भादरायची, आणि एवढं करून ही बया दूध देत नाही. शेजारचा म्हातारा मात्र येता-जाता "सुंदर आहे" म्हणायचा. त्याच्याही दारात तशीच एक होती.

त्यातून हा कॅलिफोर्निया. इथे दुष्काळ हा पाहुणा नाही, घरजावई आहे. 1 एप्रिल 2015 रोजी गव्हर्नर जेरी ब्राऊन सिएरा नेवाडाच्या डोंगरात गेले. त्या जागी एरवी पाच फूट बर्फ असायचं, तिथे सुक्या गवतावर उभे राहून त्यांनी शहरांना 25 टक्के पाणी कमी वापरायचा हुकूम सोडला. तारीख 1 एप्रिल असूनही कुणी हसलं नाही. राज्यातलं पाच कोटी चौरस फूट लॉन उखडायचं, हेही त्याच हुकमात होतं. त्यानंतर हिरवंगार लॉन मिरवणं म्हणजे दुष्काळी गावात बासुंदीची पंगत उठवण्यासारखं झालं. पंगती उठतच होत्या, फक्त यजमान जरा ओशाळं हसायचे.

मी उशिरा जागा झालो, आणि खरं सांगायचं तर पर्यावरणामुळे झालो नाही. आमच्या पाणीखात्याची योजना आहे: लॉन काढा, कमी पाण्याची झाडं लावा आणि चौरस फुटाला दोन डॉलर घ्या. चारशे गुणिले दोन हा हिशेब बायकोने मोबाईल न काढता केला आणि दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. मुख्य अट एकच. नवी झाडं पूर्ण वाढल्यावर निम्मी जागा झाकली गेली पाहिजे.

नर्सरीत गेलो तेव्हा माझ्या डोक्यात साल्व्हिया म्हणजे लाल. आमच्या सातारा जिल्ह्यात साहेबाच्या कचेरीसमोर हिवाळ्यात जी लाल साल्व्हियाची रांग उभी असते ती, किंवा पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या प्रदर्शनात पिटुनियाच्या पलीकडे दिसते ती. ती मूळची ब्राझीलची, हे तेव्हा कुणाला माहीत होतं? लहानपणी आम्ही त्या फुलाची नळी उपटून मागचं टोक चोखायचो. एवढासा गोड थेंब यायचा आणि पाठोपाठ शिपाई यायचा.

नर्सरीवाल्याने दाखवला तो प्रकार वेगळाच निघाला. राखाडी-हिरवी, खरखरीत पानं आणि उभं राहायचं नावच नाही. जमिनीवर कोपर टेकून लवंडलेलं. सेज म्हणतात त्याला इथे. साल्व्हियाचंच खानदान, पण ही शाखा कॅलिफोर्नियाच्या कोरड्या टेकड्यांवरची. त्यातही नावांची जत्रा. 'हॉबिट टोज', म्हणजे पायाची बोटं. 'दाराज चॉईस', म्हणजे कुणा दाराची पसंती. एकीचं नाव 'मिसेस बिअर्ड'. बाईंचं आडनावच दाढी. मी त्यातल्या त्यात सोज्ज्वळ नाव निवडलं, 'बीज ब्लिस'. घरी येताना गाडीत मुलाने भाषांतर विचारलं, तर "मधमाशीचा परमानंद" असं तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून घरात त्याला परमानंदच म्हणतात, एखादे काका असावेत तसं.

परमानंद बर्कलीच्या विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानातून जगात आला. संकर आहे. एक बाजू सरपटणाऱ्या सोनोमा सेजची असावी असं म्हणतात, दुसरी बाजू कोण, यावर माळ्यांचं एकमत नाही. हे मी पुढे आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे गोत्र माहीत नाही. दिसायला बरा आहे म्हणून आणला होय?"

उंची दीड-दोन फूट, पसारा आठ फूट. मी कागद काढला. आठ फूट व्यास म्हणजे एका झाडाखाली पन्नास चौरस फूट. निम्मी जागा म्हणजे दोनशे. दोनशे भागिले पन्नास, चार. चार झाडं! चौदा डॉलरला एक, छप्पन्न डॉलरमध्ये काम तमाम. आयुष्यात भूमितीने मला दिलेला हा पहिला आनंद.

आता लॉन मारायचं. त्याची इथली रीत अशी: गवत खुरटं कापायचं, त्यावर खोक्यांचे पुठ्ठे एकावर एक चढवून अंथरायचे, भिजवायचे आणि वरून तीन-चार इंच लाकडाच्या ढलप्या पसरायच्या. खाली गवत उजेडावाचून गुदमरतं, पुठ्ठा कुजून मातीला मिळतो. पुठ्ठे कुठून आणायचे, हा प्रश्न इथल्या लोकांना पडतो. ते सायकलच्या दुकानामागे जाऊन खोकी मागतात. आम्ही गॅरेजचं दार उघडलं. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, मुलाच्या पाळण्याचं खोकं (मुलगा आता बारा वर्षांचा आहे), आणि ज्यात काय आलं होतं ते कुणालाच आठवत नाही अशी सतरा खोकी. "लागलं कधी तर" या एका तत्त्वावर आम्ही ती तीन घरं बदलताना सोबत नेली होती. ते "कधी" अखेर आलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, जसं आयुष्यभर थट्टा झालेल्या बचतगटाच्या अध्यक्षीणबाई कर्ज मागायला आलेल्या सरपंचाकडे पाहतील.

चिकटपट्ट्या सोलण्यात दोन शनिवार गेले. नखं गेली ती वेगळीच.

रोपं नोव्हेंबरात लावली, कारण इथे पाऊस नोव्हेंबर ते मार्च. वर्षाकाठी पंधरा इंच, म्हणजे आमच्या म्हसवडपेक्षाही कमी, आणि तोही थंडीत कुडकुडत. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कार्तिकात कोण झाडं लावतं? मृगात लाव." मी म्हटलं, "इथे मृगात पाऊस नसतो, आई. इथे जून ते सप्टेंबर थेंब पडत नाही." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "मग तिथे गेलास कशाला?"

जमीन चिकणमातीची, उन्हाळ्यात फुटून भेगा पडणारी. परमानंदाला पायाशी पाणी साचलेलं खपत नाही, म्हणून चार उंचवटे केले आणि त्यांच्यावर चार रोपं बसवली. मागे सरून बघितलं. चारशे चौरस फूट ढलप्यांच्या विस्तारात चार ठिपके. प्रत्येक वीतभर. चार पाहुणे यायचे म्हणून कार्यालय भाड्याने घ्यावं, आणि तेही उंबऱ्यातच बसून राहावेत. शेजारचा म्हातारा कुंपणाशी आला, बराच वेळ पाहून म्हणाला, "झाडं कधी येणार?" मी बोट केलं. तो वाकला. मग चष्मा काढून पुसला.

पाणीखात्याची बाई तपासणीला आली, तिला मात्र काही वावगं वाटलं नाही. तिच्या हातात यादी होती. यादीत परमानंद आठ फुटांचा. जमिनीवरचा आठ इंचांचा परमानंद तिने पाहिला, यादीतला आठ फुटांचा मोजला, आणि निम्मी जागा झाकली गेल्याची खूण करून निघून गेली. कागदावर झाड लावून बिल काढायची कला आपल्याकडच्या खात्यांनाच येते असा माझा समज होता. फरक एवढाच, की इथे झाड खरोखर असावं लागतं आणि पुढेमागे ते वाढतं. असं नर्सरीवाला म्हणाला होता. त्याचं सूत्र होतं: पहिल्या वर्षी निजतं, दुसऱ्या वर्षी रांगतं, तिसऱ्या वर्षी पळत सुटतं.

हे सूत्र आईला सांगितलं ती माझी पहिली चूक. त्यानंतर दर रविवारी फोनवर आधी नातवाची चौकशी आणि मग, "आणि ते? पालथं पडलं का?"

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये आई आली. इथे मराठी घरांत आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. तेवढंच राहायला देतात, आणि थंडी नको म्हणून ते एप्रिल ते ऑक्टोबर येतात. हे सहा महिने आणि कॅलिफोर्नियातल्या झाडांनी स्वस्थ पडून राहायचे महिने, दोन्ही बरेचसे एकच. व्हिसा देणाऱ्यांनी आणि निसर्गाने एकमेकांशी जरा बोलून घ्यायला हवं होतं.

आली तेव्हा परमानंद बहरात होता. चारही रोपं आता पाटाएवढी, काही घोंगडीएवढी झालेली. त्यांतून हातभर उंच काड्या वर आलेल्या, आणि प्रत्येक काडीवर थोड्या थोड्या अंतराने फुलांची कडी, देवळापुढच्या दीपमाळेसारखी, एकावर एक. रंग निळसर जांभळा, धुवून धुवून विटलेल्या इरकली लुगड्याचा असतो तसा. आणि मधमाशा! सकाळी दहाला जाऊन उभं राहिलं की अंगणात कुणीतरी तंबोरा लावतंय असं वाटावं. एक काळा जाडजूड भुंगा तर फुलावर बसला, की अख्खी काडी वाकून जमिनीला टेकायची. त्याला त्याचं काही नसे. तो वाकलेल्या काडीवर उलटा लटकून चाखत राही, लग्नात तिसऱ्यांदा श्रीखंड मागणाऱ्याच्या निर्विकारपणाने.

आई चाळीस वर्षं प्राथमिक शिक्षिका होती. तिने पान खुडलं, चुरगळलं, हुंगलं. मी हुंगलं तेव्हा मला ओवा, कापूर आणि बंद कपाटातल्या शालूचा एकत्र वास आला होता. ती म्हणाली, "व्हिक्स." मग काडी दोन बोटांत धरून फिरवली. "अरे, ही चौकोनी आहे." मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण नवशिक्या माळ्याला ज्ञान पोटात ठेवता येत नाही. मी सांगितलं, की चौकोनी काडी आणि समोरासमोर पानं ही पुदिन्याच्या कुळाची खूण. तुळस त्याच कुळातली, सब्जाही. सूनबाई सकाळी पाण्यात भिजवून पिते ते चिया म्हणजे तर थेट साल्व्हियाचंच बी. आणि मागच्या दारची रोझमेरी, तिला अलीकडे शास्त्रज्ञांनी साल्व्हियाच्या घरात घेतलं आणि पहिलं नाव बदलून टाकलं, लग्नानंतर सुनेचं बदलायचे तसं.

आईने परमानंदाकडे पुन्हा एकदा पाहिलं. नजर बदलली होती. "म्हणजे हा तुळशीच्या भावकीतला," ती म्हणाली.

आपल्याकडे झाडाला दोनच ठिकाणी मान: ताटात किंवा तबकात. चटणी होत नसेल आणि देवाला चालत नसेल, तर ते झाड नव्हे, रान. परमानंद त्या दिवशी रानातून उठून तबकाच्या कडेला आला. ताटातही येऊन पाहिलं त्याने. ओव्याच्या पानांची करतात तशी आईने चार पानांची भजी तळली. मुलाने एक खाल्लं आणि विचारलं, "आजी, मी आजारी आहे का?"

जून संपला तशी फुलं वाळली. जुलैत परमानंदाने आपलं खरं रूप दाखवलं. पानं आत वळली, राखाडी पडली, खालची गळायला लागली. उन्हाळ्यात पाणी नाही म्हटल्यावर हे झाड भांडत नाही. दुकान आवरतं, फळ्या लावतं आणि आत पडून राहतं. मी आईला सांगितलं, "ते मेलं नाही, झोपलं आहे. पहिल्या पावसाला उठेल."

"उन्हाळ्यात कोण झोपतं?"

"आपण नाही का, दुपारी जेवून?"

"चार महिने?"

"मोठी वामकुक्षी समज. आणि एक लक्षात ठेव, याला उन्हाळ्यात पाणी घालायचं नाही. गरम मातीत पाणी गेलं, की मुळं कुजतात. काही न करणं हीच याची सेवा."

आई काही बोलली नाही. ती बोलत नाही, तेव्हा पटलेलं नसतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावरही आठवायला वेळ लागतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात दरवाजाजवळचं, सगळ्यांत वाढलेलं झाड बिघडलं. बाकीची तीन राखाडी पण टणक. हे एका अंगाने काळवंडत गेलं. एक फांदी, मग तिच्या शेजारची. मी ठिबकची नळी तपासली, बंद. बिल काढून पाहिलं, कमी आलेलं. ढलप्या बाजूला केल्या, तर माती ओली. सॅन होझेत, ऑगस्टात, ओली! पाऊस शेवटचा पडला त्याला चार महिने झाले होते. बुंध्याला धरून जरा ओढलं, तर अख्खं झाड हातात आलं, ओल्या गोणपाटाचा वास घेऊन. मुळं काळी, बोटाने चिरडली जाणारी. कोण घालतंय पाणी? मी गुडघ्यावर बसून खड्ड्यात पाहू लागलो. ढलप्यांवर पांढुरका थर होता. त्या थरात एक मेथीची काडी. आणि बारकाईने पाहिलं तर तांदळाचे पाच-सहा दाणे, फुगून फुटलेले. आंबेमोहर.

दाणे तळहातावर घेऊन मी स्वयंपाकघरात गेलो. आई कुकर लावत होती.

"आई, तू त्याला पाणी घालतेस?"

"छे."

मी तळहात पुढे केला. तिने दाणे पाहिले, जराही न डगमगता म्हणाली, "ते पाणी नाही. ते धुवण आहे."

"म्हणजे पाणीच ना?"

"पाणी नळाचं. ते मी एक थेंब घातलं नाही, तू नको म्हणालास म्हणून. हे तांदळाचं धुवण. मोरीत जाणारच होतं. मोरीत गेलेलं चालतं, आणि झाडाच्या तोंडी गेलेलं चालत नाही?"

खोटं तिने खरंच काही सांगितलं नव्हतं. माणदेशात वाढलेल्या बाईच्या हिशेबात पाण्याची दोन खाती असतात. नवीन पाणी आणि वापरलेलं पाणी. नवीन पाणी जपून, मोजून, कळशीच्या हिशेबाने. वापरलेल्याला हिशेब नाही, पण त्याला धर्म आहे. अंघोळीचं केळीला, भांड्यांचं अळूला, भाजीचं आणि तांदळाचं गुलाबाला. ते वाया जाऊ देणं हे पाप. बहात्तरच्या दुष्काळात ती चौदा वर्षांची होती. खडी फोडायच्या कामावर आजीबरोबर जायची. "त्या साली तुझ्या अमेरिकेनं आम्हाला मिलो पाठवला होता," ती कुकरची शिट्टी बसवत म्हणाली. "लाल जोंधळा. भाकरी थापली की तुटायची. गावात प्यायला टँकर यायचा. पण दारातली तुळस वाळली नव्हती. तोंड धुतलेलं पाणी जायचं तिला. आणि इथे नळ आहे, नळाला पाणी आहे, आणि तू म्हणतोस दुष्काळ. दारात एक झाड मान टाकतंय, आणि मी बघत बसू?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. इथल्या नियमांत कपडे धुतलेलं पाणी बागेला सोडायची मुभा आहे, स्वयंपाकघरातलं सोडायची नाही, असं काहीतरी मी पुटपुटलो. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि कुकरने शिट्टी दिली. तेवढ्यात ते संपलं.

पण धुवणाने काम एवढंच केलं नव्हतं. गणपती आठवड्यावर आले असताना मेलेल्या परमानंदाच्या जागी, पुठ्ठा फोडून, ढलप्यांतून वर, हिरवीकंच तीन-तीन पात्यांची टोकं आली. मी ओळखलं. जुन्या लॉनमध्ये मिसळलेलं हे गवत, बर्म्युडा. इथल्या माळ्यांच्या लेखी याच्याइतका नालायक जीव पृथ्वीवर नाही. जमिनीखालून धावतं, डांबराच्या फटीतून डोकं काढतं, आणि एक पेर राहिलं तरी पुन्हा अंगणभर. सगळी पुस्तकं सांगतात, की हे पुठ्ठ्याखाली मरत नाही, आधी खणून काढा. मी नव्हतं काढलं. उन्हाळाभर पाणी नाही म्हणून ते गप्प होतं, आणि धुवण मिळाल्यावर ते बरोबर तिथेच उठलं. मी खुरपं घेऊन बाहेर आलो.

"हात लावू नकोस!" दारातून आई ओरडली. "अरे, दूर्वा आहेत त्या."

होत्या खऱ्या. बर्म्युडा म्हणजे आपली हरळी. जिच्यासाठी इथे लोक विषाचे फवारे विकत घेतात, तीच आपण एकवीस निवडून देवाच्या माथ्यावर ठेवतो. इंडियन ग्रोसरीत या दिवसांत मिळते म्हणा जुडी, पण ती फ्रिजमध्ये पडून पिवळी पडलेली, आणि तिच्यात तिसरं पातं शोधायला भिंग लागतं. इथे दारात ताज्या, लुसलुशीत, धुवणावर पोसलेल्या! आईने कोपऱ्यावरच्या वहिनींना सांगितलं. वहिनींनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या दुष्काळी बागेपुढे नऊ गाड्या उभ्या होत्या. बायका, बाप्ये, भारतात कधी जमिनीला हात न लावलेली पोरं, सगळी ढलप्यांत उकिडवी बसून दूर्वा खुडत होती. आई मध्ये खुर्ची टाकून बसलेली. "मुळासकट उपटू नका गं, पुन्हा फुटायला हवी." मी तेच मनात विरुद्ध बाजूने म्हणत होतो.

शेजारचा म्हातारा कुंपणाशी आला. इतकी माणसं गुडघ्यावर बसून तण काढताना त्याने आयुष्यात पाहिली नसावीत. "तुमच्या लोकांत हे फुकट करतात?" त्याने दबक्या आवाजात विचारलं, आणि स्वतःच्या लॉनकडे आशेने पाहिलं.

त्या रात्री आई म्हणाली, की त्यांच्या गव्हातून गाजरगवत आपल्याकडे आलं असं सांगतात, तर आपली हरळी इकडे आली हे फिटंफाट झालं. हरळी इथे आपल्याकडून आली नसावी, आफ्रिकेकडून आली असेल. पण त्या दिवशी दारात नऊ गाड्या बघितल्यावर वाद घालायची माझी प्राज्ञा नव्हती.

ऑक्टोबरच्या मध्यात आई परत गेली. विमानतळाकडे निघताना तिने तिन्ही झाडांपाशी जाऊन प्रत्येकाला एकदा हात लावला. आत वळलेल्या, राखेच्या रंगाच्या पानांना. "जपा," म्हणाली. मला म्हणाली, की त्यांना, हे कळलं नाही.

नोव्हेंबरात पहिला पाऊस झाला. अर्धा इंच. चार दिवसांनी परमानंदाच्या टोकाटोकांवर मुगाएवढे हिरवे कोंब आले. आठवड्यात पानं उलगडली. जानेवारीपर्यंत तिन्ही झाडं खरोखर पळत सुटली, एक पायवाटेवर, एक पोस्टाच्या पेटीकडे, एक हरळीच्या अंगावर. त्या लढाईत कोण जिंकेल यावर बायकोची आणि माझी पैज आहे. ती हरळीच्या बाजूने आहे. बहर संपला, की पुढची टोकं हलकेच छाटायची, जुन्या लाकडात कात्री घालायची नाही, असा नियम आहे. नाहीतर मधोमध झाड उघडं पडतं आणि कडेनेच हिरवं राहतं. हे ऐकताना मुलाने माझ्या डोक्याकडे पाहिलं. एवढ्या बारीक नजरेने अभ्यासाकडे कधी पाहत नाही.

यंदा आई येणार नाही, गुडघे दुखतात. रविवारी व्हिडिओवर बोलते. जुलै लागला, पानं वळायला लागली, आणि परवा तिने फर्मान काढलं, "जरा कॅमेरा फिरव बघू. अगं बाई, काय दशा! पाणी घातलंस का?"

"घातलं ना."

"कधी?"

"हे काय, आत्ताच घालतोय." मी झारी उचलली आणि परमानंदावर वाकवली. झारी मार्चपासून कोरडी होती.

आई म्हसवडला पडद्याजवळ आली. चष्मा सरळ केला.

"आवाज येत नाही पाण्याचा."

मी आत पाहिलं. मुलगा खिडकीपाशीच उभा होता. पोरगं हुशार आहे. त्याने सिंकचा नळ पूर्ण सोडला आणि पुरतं मिनिटभर तसाच चालू ठेवला.

"हां," आई म्हणाली. "आता कसं."